बाईंनी आवाजाचं विचारलं होतं

सव्वीस वर्षं वॉर्डात सिस्टर आहे. सह्या घेऊन घेऊन आता मला पेशंटच्या चेहऱ्याआधी त्याचा सहीचा हात दिसतो. ऑपरेशनचे धोके सर्जनसाहेब स्वतः समजावतात, असं आमच्या कागदावर छापलेलं आहे. साहेबांना तेवढी उसंत कुठली! सही जिथं हवी तिथं मी आदल्या संध्याकाळीच पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवते.

बाई शाळेत शिकवायच्या. गळ्यात थायरॉइडची गाठ. सही करता करता त्यांनी मला विचारलं, आवाजाला काही होणार नाही ना? मला अजून चार पेशंट तयार करायचे होते. म्हटलं, काही होत नाही हो बाई, करा सही. त्यांनी केली. साहेबांचा हात कुठं चुकला नाही, तरी ऑपरेशनात आवाजाची नस दुखावली. शंभरात एखाद्याचं तसं होतं, आणि ते कुणीतरी आधी सांगायचं असतं.

बाईंनी हॉस्पिटलवर दावा लावला. आज कोर्टात तिसरी तारीख. पहिल्या दोन नुसत्या बाकावर बसून गेल्या. डॉक्टरांनी समजावलं, सही आहे, एवढंच बोलायचं, असं हॉस्पिटलच्या वकिलांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. माझ्या पेन्शनला चार वर्षं उरलीत, याचीही सहज आठवण करून दिली. पण बाई समोर बसल्या होत्या, आणि मला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. सांगून टाकलं, साहेब आलेच नव्हते आणि बाईंचा प्रश्न मी उडवून लावला. वकिलांनी माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं.

मग ते बाईंकडे वळले. धोका आधी कळला असता, तर ऑपरेशनला नकार दिला असतात का? बाईंचा सगळा दावा या एका उत्तरावर उभा होता. त्यांचा स्वतःचा वकील 'हो म्हणा' म्हणून डोळ्यांनी खुणावत होता.

बाईंच्या गळ्यातून नुसती हवा येते. जजसाहेबांनी पंखा बंद करायला लावला.

"नाही. गाठ काढलीच असती," त्या म्हणाल्या. "पण एक दिवस मागून घेतला असता. लेकीला सातवा महिना होता. नातवंडासाठी चार गोष्टी माझ्या आवाजात टेप करून ठेवल्या असत्या."

टायपिस्टला ऐकू गेलं नाही. मी जवळ होते, म्हणून जजसाहेबांनी मलाच ते मोठ्यानं सांगायला लावलं. पहिल्यांदा मला नीट बोलता आलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते टाइप झालं.