औषध दिलेल्यालाच गेरू

आमच्याकडं मेंढराला जंताचं औषध पाजलं की कपाळावर गेरूचा ठिपका लावतात. नाहीतर एकीलाच दोनदा जातं आणि दुसरी तशीच राहते, कारण मेंढी स्वतःहून काही सांगत नाही. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, या पद्धतीवर इतका विश्वास की आयला पहिली केमो चढली त्या दिवशी त्यांनी पिशवीतून डबी काढली आणि वॉर्डातच तिच्या मनगटावर ठिपका लावला. नर्सबाईंनी विचारलं, हे काय.

"दिलेली हाय म्हणून," आबा म्हणाले.

नर्सबाई जरा वेळ ठिपक्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनीही फाइलीत टिक केली.

मी सिद्धनाथ. रिहे गावाजवळच्या आमच्या वस्तीवरून रोज हिंजवडीला जातो. तिथं दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. घरात शिकलेला मी एकटा, त्यामुळं आयच्या अंडाशयातली गाठ आपोआप माझ्या खात्यात आली.

पहिल्या तीन केमोत गाठ लिंबाची बोराएवढी झाली. आयचे केस गेले. आबा म्हणाले, "कातरल्यावर लोकर परत येती."

"मग ही पन इका की," आय म्हणाली.

सहाव्या केमोनंतर स्कॅनमध्ये गाठ पुन्हा लिंबाएवढी होती आणि शेजारी नवीन दोन. आयच्या डॉक्टर, उत्कर्षा मॅडम, यांनी औषध बदललं. दुसऱ्या औषधाला तर गाठीनं ओळखही दाखवली नाही.

सोमवारी मॅडमनी बोलावून घेतलं. आय आत आली नाही. "तुमीच ऐका, मला तितं डुलक्या येत्यात," म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर बसली.

"डोस उशिरा गेल्यानं असं होतं का?" मी विचारलं. चौथ्या केमोला मी आयला आठवडाभर उशिरा आणलं होतं. ऑफिसात रिलीज होतं. हे मी घरी सांगितलेलं नव्हतं. आजारी मॅनेजर, बंद पडलेली गाडी, असं बरंच काही सांगितलं होतं.

"त्या एका आठवड्यानं हे झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या. तारीख त्यांच्या लक्षात होती. "लाखो पेशींत दोन-चार पहिल्यापासूनच अशा होत्या, की त्यांच्यावर औषध चालत नव्हतं. बाकीच्या मेल्या. यांना जागा मोकळी मिळाली. आताची गाठ म्हणजे त्यांचीच पिलावळ. काहींच्या अंगावर चक्क पंप असतात. औषध आत शिरलं की बाहेर फेकतात."

मला हलकं वाटायला हवं होतं. पण चूक असती तर ती सापडली असती, आणि सापडलेली चूक दुरुस्त होते. इथं सगळं जसं चालायला हवं तसंच चाललं होतं.

"पंप," आबा म्हणाले. "लाईट कुटनं घेत्यात?"

"पेशंटकडूनच. त्या जे खातात त्यातून."

आय दोन महिने पेजेशिवाय काही घेत नव्हती. तीही आबा वाटी धरून भरवायचे. आबांनी थोडा विचार केला.

"म्हंजी मीच चालवतुया त्यो पंप."

मला हसू येत होतं, आणि ते बाहेर पडलं तर मागून काय काय येईल याचा भरवसा नव्हता.

"आमचं बी आसंच झालं बगा," आबा म्हणाले. "एका साली साठच्या साठ मेंढरं पाजली. एक सोडलं न्हाई. जंत मेलं. जे उरलं ते पुढच्या साली औषधाला जुमानंना. मग जनावराचा डॉक्टर म्हणला, सावळाबा, धडधाकट धा-बारा बिनऔषधाची सोडत जावा. त्यांच्यातलं नेभळट जंत जगत्यात, माजलेल्यांत मिसळत्यात, माजलेलं दबून ऱ्हातंय. तवापासनं सोडतुया. हितं कुनी सोडलं न्हाई व्हय?"

मॅडमनी पेन खाली ठेवला.

"असे प्रयोग चालू आहेत, बाबा. थोडं औषध द्यायचं, साध्या पेशी मुद्दाम शिल्लक ठेवायच्या. काही ठिकाणी, काही गाठींवर. अजून पक्कं काही नाही."

"मग करू की."

"आता यांच्यात साध्या उरल्याच नाहीत."

आमच्या घराण्यात विज्ञानात इतकं पुढं कोणी गेलं नव्हतं. आबा गेले, आणि सात महिने उशिरा पोचले.

"मग आता काय देनार?"

"दुखणं कमी करायचं देते. गाठीवर द्यायला माझ्याकडं आता काही नाही."

बाहेर आयनं आम्हाला बघितलं, पदर सावरला आणि सवयीनं मनगट पुढं केलं. आबांचा हात पिशवीत गेला, डबी बाहेर आली आणि तिथंच थांबली. खोटं बोलणं मला जमतं. आबांना मेंढराशीसुद्धा जमत नाही.

"आज दिलं न्हाई," ते म्हणाले.

"मग कवा देनार?"

आयनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरची, मोबाइल बंद ठेवा ही पाटी वाचली. परत एकदा वाचली. आय हात तसाच धरून बसली होती.

"म्हंजी सोडलेल्यातली मी," ती म्हणाली.

"धडधाकटच सोडत्यात," आबा म्हणाले. "नुसती धडधाकटच."

आयनं पुढं धरलेल्या मनगटाकडं बघितलं. बांगडी कोपरापर्यंत घसरली होती.

"व्हय," ती म्हणाली. "दिसतंयच की."

मी रिक्षा बघायला निघालो. जिन्यावरून मागं बघितलं तर आबा डबीचं झाकण घट्ट आहे का ते तपासत होते. घट्टच होतं. तरी ते दाबत राहिले.