नीळ नको मला

मी दोरीवरून बोलतेय. इकडेतिकडे काय बघताय? मीच, ही पांढरी चादर! आमच्या घरात सासू, सून आणि नणंद तिघी एकाच वेळी बोलतात, त्यामुळे माझी पाळी आजवर आलीच नव्हती.

गिरणीतून निघाले तेव्हापासून माझा तोरा भारी. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तो आणखी वाढवला. दर धुण्याला शेवटच्या पाण्यात नीळ घालून मला बुचकळायच्या आणि म्हणायच्या, "असा पांढरा रंग दाखवा म्हणावं कुणाकडे!" मी फुगायचे. शेजारच्या टॉवेलांशी बोलायचेसुद्धा नाही.

आईंची सून शिवणकाम करते. लोकांच्या पँटी आखूड करून करून बिचारीचा जीव विटला होता. शेवटी तिने स्वतःच्या मनाने चार ड्रेस शिवले. बाजारातली दुकानवाली म्हणाली, "अंगावर कसे दिसतात त्याचे फोटो आणा. शनिवारी संध्याकाळी माल ठरवते. नंतर आलात तर या हंगामात जागा नाही."

"मी काढते फोटो!" नणंदेने, म्हणजे आमच्या धाकटीने, छातीठोकपणे सांगितलं. कॅमेरा नुकताच हातात आलेला. हौस दांडगी, अनुभव शून्य.

शुक्रवारी तिने वहिनीला भर दुपारी मागच्या अंगणात उभं केलं. म्हणे, ऊन जितकं जास्त तितका फोटो छान! फोटोत वहिनीचे डोळे बारीक आणि त्यांखाली काळे खड्डे.

"अगं, ही मी आहे की माझं भूत?" असं म्हणत वहिनी घाम पुसायला जिन्याच्या सावलीत आली. मी समोरच उन्हात वाळत होते. माझ्यावरचं ऊन तिच्या तोंडावर हलकेच पडलं.

"वहिनी, हलू नकोस! चादरीने किती गोड उजेड पडलाय तुझ्यावर!" धाकटी किंचाळली आणि नेमकी तेव्हाच कॅमेऱ्याची बॅटरी संपली. आता सगळी भिस्त शनिवारवर.

शनिवारी पहाटेच आईंनी मला धुवायला काढलं. "फोटोसाठी धरायची, मळकट कशी चालेल?" म्हणत नीळ दुप्पट घातली. मी तर हवेतच होते! सकाळभर आईंनी मला दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि धाकटीने फोटो काढले. मग तिघी बघायला बसल्या. सायीच्या रंगाचा ड्रेस निळसर, वहिनीचा चेहरा महिनाभर तापाने झोपल्यासारखा.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "राहू दे गं. आपल्या नशिबात पँटीच."

"नशीब गेलं खड्ड्यात! संध्याकाळ अजून झालेली नाही," धाकटी म्हणाली. तिने आपला हात माझ्याजवळ धरला, मग लांब नेला, पुन्हा जवळ आणला. माझ्याजवळ तो निळा पडत होता. "आई, नीळ! तुझी नीळ उतरलीय वहिनीच्या तोंडावर!"

आईंचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी मला नळाखाली नेलं आणि निळं पाणी यायचं थांबेपर्यंत खळबळलं. काय सांगू, माझा सगळा तोरा मोरीतून वाहून गेला! मला रडूच फुटलं, पण ओल्या चादरीचं रडणं कुणाला कळणार?

ऊन कलायला लागलं होतं. मी अर्धी ओली, जड. आईंनी मला पुन्हा उन्हात ताणून धरलं. "सून माझी आहे. मेले तरी सोडणार नाही, तू काढ!" त्या ओरडल्या. धाकटी मातीत गुडघे टेकून काढत राहिली.

वहिनीने एकेक फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. मग हळूच म्हणाली, "हे मी शिवलंय?"

दुकानवालीने चारही ड्रेस त्याच संध्याकाळी दर्शनी भागात लावले.

आता माझा रंग उतरलाय, कडेला मातीचा डाग कायमचा बसलाय. परवा एक पाहुणी नाक मुरडून म्हणाली, "अगंबाई, चादर किती पिवळी पडली! नीळ घालत नाही वाटतं?"

आई ताठ मानेने म्हणाल्या, "ती कामावर जाते."

म्हणून हात जोडून सांगते, मला आपटा, पिळा, उन्हात टाका. पण नीळ नको. ऊन चढायच्या आत आम्हाला फोटो काढायला निघायचंय.