व्हायोलेटला गाडी लागायची

व्हायोलेटला गाडी लागायची. मरोळहून अंधेरी स्टेशनपर्यंत जायचं तरी ती रिक्षात तोंडाला रुमाल लावून बसायची. शेवटच्या आजारात तिने नवऱ्याला बजावलं होतं, "व्हिक्टर, चर्चला मला गाडीतून नेऊ नको. खांद्यावरून ने."

"नेतो," तो म्हणाला होता. तो विषय लवकर संपावा म्हणून म्हणाला होता.

आता ती पेटीत होती आणि दारात गाडी उभी होती. गावठाणात खांदा देणारी माणसं उरली नव्हती. तरणी पोरं कॅनडात नाहीतर वसईत, मुलगा शेर्विन बोटीवर. अंगणात जमलेले सगळे गुडघे धरून उठणारे. व्हिक्टर गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. भीमराज फोन उचलत नव्हता. दोघांनी कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर उमेदीची वर्षं घालवली होती. सकाळी कळवलं तेव्हा "येतो" म्हणून त्याने फोन ठेवला, तो ठेवलाच.

"किती फेऱ्या मारशील?" व्हायोलेटची बहीण फ्लेविया म्हणाली. "फादर थांबलेत. आता काय तिला गाडी लागणार आहे?"

व्हिक्टरने पुन्हा गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. आधी लांब बांबू उतरले, मग भीमराज, मग कारखान्यातले किरण आणि चंद्रप्रकाश. तिघेही पांढऱ्या कपड्यांत. भीमराजच्या खांद्यावर काथ्याची दोरी.

"बांबूसाठी जोगेश्वरीपर्यंत हिंडलो यार," तो धापा टाकत म्हणाला. "घाईत फोन घरीच राहिला." मग त्याला पेटी दिसली आणि तो ओशाळला. "वाट लागली. तुमच्यात तिरडी नसते ना? आमच्यात हे सामान मित्रांनीच आणायचं असतं. डोक्यात दुसरं काही आलंच नाही रे."

अंगणात कोणीतरी फिसकन हसलं. व्हिक्टरने एक बांबू उचलून दाबून पाहिला.

"पेटीखाली बांधता येतील?"

भीमराजने पेटीकडे पाहिलं. "न यायला काय झालं?"

"काहीतरीच!" फ्लेविया पुढे आली. "ख्रिश्चन माणूस बांबूवर?"

"ताई, माणूस पेटीत आहे," भीमराज दोरी सोडवत म्हणाला. "बांबू बाहेर."

फ्लेविया बाजूला झाली. तिघांनी दोरी आवळली, हलवून पाहिली, पुन्हा आवळली. पुढे एका बाजूला भीमराज, दुसऱ्या बाजूला व्हिक्टर.

"तू नवरा आहेस, मागून चाल," फ्लेविया म्हणाली.

"मी तिला बोललोय, नेतो म्हणून."

पेटी उचलली. व्हिक्टर भराभर पाय टाकू लागला.

"पळतोस कुठे रे? मागचे दोघं पडतील," भीमराज म्हणाला. "माझ्याबरोबर टाक पाय."

रिकामी गाडी मागून येत होती. फ्लेविया तिच्यात न बसता चालत होती. रिक्षावाले बाजूला होत होते. बांबू व्हिक्टरच्या खांद्यात रुतत होता. मागून किरणने दोनदा विचारलं, "खांदा बदलायचा का?" तो नको म्हणाला.

चर्चचा क्रूस दिसायला लागला. तिथपर्यंत एक काम होतं. त्यानंतर घरी जायचं होतं, एकट्याने. सकाळपासून धावत असलेला माणूस आता पाऊल उचलेना.

भीमराजनेही पाऊल आखूड केलं, आणि मागच्या दोघांना हळूच म्हणाला, "सावकाश. घाई नाही."