शेवटची चाळीस पानं

चष्म्याच्या दुकानातल्या ताईंनी ती अमेरिकन कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. मक्याच्या शेतावर वाढलेली एक मुलगी बापाने ठरवलेलं लग्न मोडते आणि एकटीच शहराच्या गाडीत बसते. गाडी सुटते आणि वाक्य अर्ध्यावरच थांबतं. ताई भारावून गेल्या. मोठे लेखक असंच संपवत असणार, अशी त्यांनी मनाची समजूतही घालून टाकली.

पुढच्याच महिन्यात वडिलांनी स्थळ आणलं आणि चष्म्याचं काम शिकणं बंद करायला सांगितलं. ताईंनी एक पिशवी भरली आणि बस पकडली. वडील तीन वर्षं बोलले नाहीत. नंतर बोलायला लागले, पण त्या पुस्तकाचा विषय निघाला की तोंड फिरवायचे.

ताईंनी पुढे स्वतःचं दुकान काढलं आणि नकाशे काढणाऱ्या एका शांत माणसाशी आपल्या मर्जीने लग्न केलं. नंबर तपासायला आलेल्या प्रत्येक मुलीला अक्षरांच्या तक्त्यासोबत ही गोष्ट ऐकावीच लागे.

गेल्या महिन्यात, बावन्नाव्या वर्षी, वाचनालयातल्या बाईंनी तीच कादंबरी ताईंच्या हातात ठेवली. जुनी प्रत रद्दीतली, बिनकव्हरची होती. ही चांगली जाडजूड. दुपारी गिऱ्हाईक नसताना ताई वाचत बसल्या. ज्या बापाचा तेव्हा राग राग केला, तो आता जरा थकलेला वाटला. मुलगी तर भलतीच तोंडाळ. तरीही गाडी सुटली तेव्हा डोळे भरून आले. त्यांनी डोळे पुसले, पान उलटलं, आणि पुढे आणखी चाळीस पानं होती.

त्या चाळीस पानांत मुलगी तिसऱ्याच स्टेशनवर उतरते, रडत घरी येते, बापाची माफी मागते आणि ठरलेल्या मुलाशी गुमान लग्न करते.

ताई तणतणत घरी आल्या. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, शेवट चाळला आणि म्हणाला, "तू ही पानं वाचली नाहीस, म्हणून मी वाचलो."

ताई दोन दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. फाटक्या पुस्तकाच्या भरवशावर आपण घर सोडलं, हे काही केल्या पचेना. मग आठवलं, त्या दिवशी बसमध्ये कादंबरी एकदाही डोक्यात आली नव्हती. काच घासायचं यंत्र आपल्याला हाताळायला मिळेल का, एवढीच काळजी होती.

रविवारी त्या पुस्तक घेऊन वडिलांकडे गेल्या. वडील आता चौऱ्याऐंशीचे. निदान लेखकाच्या मते तरी तुमचंच बरोबर होतं, असं सांगून ताईंनी शेवट मोठ्याने वाचून दाखवला. माफीच्या प्रसंगाला त्यांनी हळूच वर पाहिलं. वडिलांच्या कपाळाला आठी पडली होती.

वाचून झालं. वडील म्हणाले, "शहरापर्यंतचं तिकीट काढलं होतं ना तिने?"

"हो."

"मग मध्येच कशाला उतरली?"

चहा झाला, दुसराही झाला, आणि बापलेक अंधार पडेपर्यंत त्या मुलीला नावं ठेवत बसले.