खोक्याची झोप

“आई, वीज गेली ना तिकडे?”

मी भाजी निवडत बसले होते. वीज गेल्याचं मला ठाऊकच नव्हतं, कारण पंखा इन्व्हर्टरवर फिरत होता. माझ्या घरातली वीज गेली की ती आधी परगावी राहणाऱ्या माझ्या मुलाला कळते आणि मग त्याच्याकडून मला.

“गेली असेल,” म्हटलं.

“इन्व्हर्टरची बॅटरी बघ कशी उतरतेय! आजही पुरणार नाही.”

“तुला तिथून दिसतंय, तर मी कशाला उठून बघू?”

मागल्या वर्षी रात्री अशीच वीज गेलेली असताना अंधारात न्हाणीघराच्या दारात माझा पाय घसरला. मनगट मोडलं, कंबर धरल्यानं उठता येईना आणि सकाळी कामवाली येईपर्यंत मी तिथंच पडून राहिले. चिरंजीव रजा टाकून आले आणि त्यांनी माझं घर हुशार करून टाकलं. पावलं वाजली की दिवे लागतात, टाकी भरली की पंप थांबतो, दार उघडं राहिलं तर फोन ओरडतो. हा सगळा कारभार एका काळ्या खोक्यातून चालतो. मुळात ते घरातले फोटो साठवायला आणलेलं, आत चार डिस्क असलेलं खोकं. ते नाहीतरी चालूच असतं, म्हणून त्यानं त्याच्याच डोक्यावर घराचा संसारही दिला. चपलांच्या कपाटावर बसून ते अष्टौप्रहर घुरघुरतं. हे होते तोवर यांच्या घोरण्याची सवय होती म्हणून निभावलं.

पण यंदा उन्हाळ्यात दुपारी गेलेली वीज दिवेलागणी उलटली तरी येईना, आणि इन्व्हर्टर त्याच्या कितीतरी आधीच मान टाकायचा. मग पावलं वाजवली काय आणि टाळ्या पिटल्या काय, घर ठार आंधळं.

“हे असं नाही चालायचं,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात मी येतो. घराला कुलूप लावू, तू इकडेच ये कायमची.”

कुलूप म्हणे! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर कानाला हेडफोन लावून, लोकांचे ‘हॅलो हॅलो’ झेलून मी हे घर उभं केलं होतं. कोणाची सून म्हणून, कोणाची आई म्हणून मिळालेलं नव्हतं ते मला. माझ्या अंगाचा भडका उडाला.

“आणि इन्व्हर्टर पुरला तर?”

“पुरत नाही म्हणून तर म्हणतोय ना.”

“पुरला तर कुलूप नाही. बोल.”

“बरं. वीज परत येईपर्यंत पुरला, तर नाही.”

मग त्याच्या काटकसरीच्या सूचना सुरू झाल्या. पंखा कमी कर, रेडिओ बंद ठेव, मिक्सर लावू नको. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! शेवटी मी वायरमनला बोलावलं. त्यानं घरभर हिंडून त्या खोक्यावर हात ठेवला आणि चटकन उचलला.

“काकू, हे तापलंय बघा. बसल्या जागी पंख्याच्या बरोबरीनं खातंय हे.”

मी लगेच लेकाला फोन लावला. “तुझा घरजावई सापडला,” म्हटलं. “बसून खाणारा.”

तो हसला, मग विचारात पडला. “खरं तर काम नसेल तेव्हा त्यातल्या डिस्क आपोआप फिरायच्या थांबून झोपायला हव्यात. त्या झोपतच नाहीत म्हणजे कोणीतरी त्यांना सारखं उठवतंय. घरातलं एखादं यंत्र काहीतरी नोंदवत असणार. नोंद आली की डिस्क जागी होते.”

“मग धर त्याला.”

रविवारी आम्ही शिकारीला बसलो. तो तिथून एकेक नोंद बंद करायचा आणि मी इथं खोक्याला कान लावून सांगायची. पाण्याची टाकी मिनिटामिनिटाला आपली पातळी कळवत होती. तिला सांगितलं, बदललं तरच बोल. हॉलमधला तापमापक बंद केला, कारण उकडतंय हे मला घाम सांगतो. दिवे कधी लागले, कधी विझले याचं पुराण बंद केलं. दर खेपेला तो विचारी, “झोपलं का?” आणि मी म्हणे, “छे, कुंभकर्णाचा शत्रू आहे हा.” खरं सांगायचं तर मला मजा येत होती. इतका वेळ आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

खोकं मात्र घुरघुरतच होतं.

“आता काय राहिलं?”

“काही नाही.”

“काही नाही, तर हे बोलतंय कोणाशी?”

तो उत्तर देईना. लाइनवरच्या शांततेत फरक असतो. माणूस आठवत असतो तेव्हाची वेगळी आणि लपवत असतो तेव्हाची वेगळी.

“एक आहे,” तो म्हणाला. “पण ते राहू दे. ते महत्त्वाचं आहे.”

“कुठं आहे?”

“तुझ्या गादीखाली. पट्टी आहे एक.”

मी फोन हातात घेऊनच गेले आणि गादी उचलली. मोजायच्या टेपसारखी एक करडी पट्टी, तिची वायर पलंगाच्या पायाला चिकटवून भिंतीकडे नेलेली. वर्षभर मी याच गादीवर चादरी घालत होते आणि घरभर शोध चालला होता. काखेत कळसा, दुसरं काय!

“काय कळतं हिच्यावरून?”

“तू आडवी झालीस, उठलीस. कूस बदललीस. श्वास.” मग घाईघाईनं, “सेकंदासेकंदाला येतं ते. म्हणून डिस्क झोपत नसतील.”

“आणि ते तू बघत बसतोस?”

“ऑफिसात स्क्रीनच्या कोपऱ्यात उघडं असतं.” त्याचा आवाज फाटला. “रात्रभर फरशीवर पडून होतीस तू, आई. मी इथं ढाराढूर झोपलो होतो. मला कोणी सांगितलं नाही.”

त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण राग आला होता तो आलाच होता.

“नीट ऐक,” मी म्हटलं. “एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी आम्हाला शिकवलं होतं, लाइन जोडून दिली की आपण बाजूला व्हायचं. लोक काय काय बोलायचे रे! रडायचे, भांडायचे, लग्नं मोडायचे. शेजारच्या खुर्चीवरची एक जण चोरून ऐकायची, तिच्याबरोबर मी कधी डबा खाल्ला नाही. सगळ्या गावाचं बोलणं माझ्या हातातून गेलं आणि मी ऐकलं नाही. आणि माझ्या लाइनवर माझा मुलगा वर्षभर बसून आहे?”

“आई, काळजीनं—”

“काळजी कळते मला. गळ्यात मदत बोलवायचं बटण अडकवलंस, ते मी घालते. आंघोळीलासुद्धा घालते. पडले तर दाबीन, ते चालू ठेव. पण माझे श्वास मोजायचे नाहीत.”

“काढू नकोस ना गं ती पट्टी.”

“इन्व्हर्टर पुरत नाही म्हणून माझ्या घराला कुलूप लावणार होतास. पुरू कोण देत नव्हतं?”

मी वायर उपसली.

थोड्या वेळानं खोक्याची घुरघुर एकेक पायरी उतरत गेली आणि थांबली.

त्याच आठवड्यात दुपारी वीज गेली. मी पंखा पूर्ण वेगात ठेवला, रेडिओ मोठ्यानं लावला आणि मिक्सरवर चटणीसुद्धा वाटली, हट्टानंच. दिवेलागण झाली, पावलांसरशी दिवे लागत राहिले. वीज परत आली तेव्हा इन्व्हर्टर धडधाकट होता.

मग फोन आला.

“पुरला,” तो म्हणाला.

“पुरला. कुलूप नाही.”

“नाही.” जरा थांबून त्यानं विचारलं, “आता काय करतेयस?”

हा प्रश्न त्यानं वर्षभरात पहिल्यांदा विचारला होता, कारण त्याला पहिल्यांदाच ते ठाऊक नव्हतं.

“पाठ टेकतेय जरा,” म्हटलं.

फोन ठेवून मी गादीवर आडवी झाले. भिंतीकडे तोंड केलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा भिंतीकडे. कोणालाही कळलं नाही.