दिपाचं इंग्रजी

ज्या मुलीला पनवेलच्या एसटी स्टँडवर आपल्या गावाची गाडी ओळखता येत नाही, तिला इंग्रजी कशाला हवंय, असं मी आमच्या संस्थेच्या कमलाकर शेठना तोंडावर विचारलं होतं. तोंडातलं पान सावरत ते म्हणाले, "माधुरीबाई, आजकाल इंग्रजीशिवाय काय आहे?" त्र्याण्णव साल होतं. घरोघरी केबल आली होती, गल्लोगल्ली इंग्लिश मीडियमच्या पाट्या लागत होत्या, मग आमच्या मतिमंद मुलांच्या वर्गानेच काय घोडं मारलं होतं! रंगाऱ्याला बोलावून आमच्याही पाटीवर एक ओळ चढवण्यात आली: इंग्रजी संभाषणाची सोय.

वर्ग म्हणजे बाजारातल्या भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे मी वयात आलेल्या मुलामुलींना दात घासणं, स्टोव्ह पेटवणं, रस्ता ओलांडणं, पाळीच्या दिवसांत स्वतःचं स्वतः बघणं असलं सगळं शिकवायची. एकेका गोष्टीत महिनेच्या महिने जातात. गोरखला शर्टाची बटणं सरळ लावता आली त्या दिवशी मी आणि आमच्या मदतनीस शांतीबाई, दोघी रडलो होतो. आणि ह्यांना हवं इंग्रजी. डोकं फिरेल नाहीतर काय?

सगळ्यात जास्त घाई दिपाच्या आईला, कमळाबाईंना होती. नेऱ्याच्या बाजूचं शेतकरी घर. दिपाला अठरा पुरी होत आली होती. दिसायला देखणी, हसरी, आणि समज पाच-सहा वर्षांच्या पोरीएवढी. तिला सोडायला आल्या की कमळाबाई जिन्यातच मला गाठायच्या.

"बाई, पोरगी इंग्लिश कवा बोलंल?"

"आधी तिला एकटीला एसटीने घरी जाता येऊ दे, कमळाबाई."

"यष्टीनं कशाला? निकेशची मोटारसायकल हाय ना!"

हेच ते. निकेश, तिचा भाऊ, तिला आणणार-नेणार. आई वेणी घालणार. वडील, दाजी, ताटातल्या माशाचे काटे काढून देणार. प्रेमाला तोटा नव्हता, पण त्या प्रेमापायी पोरीच्या हाताला काही लागूच देत नव्हते. मी वर्गात जे शिकवायची त्यावर घरी रोज पाणी फिरायचं, आणि वर मलाच विचारणा, इंग्लिश कवा बोलंल!

शेवटी मीही हट्टाला पेटले. इंग्रजी हवंय ना? घ्या इंग्रजी. पण धडे माझे. 'आय वॉश माय प्लेट' म्हणायचं आणि खरंच ताट घासायचं. 'आय कोम्ब माय हेअर' म्हणत स्वतःचे केस विंचरायचे. एकदा दिपाला घेऊन मी नेऱ्याच्या गाडीत चढले. तिने कंडक्टरपुढे हात करून म्हटलं, "वन तिकीट नेरे प्लीज." त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "कुठली पाहुणी म्हणायची ही?" सगळी गाडी खो खो हसली. दिपाही हसली, आणि त्या नादात तिकीट घ्यायचंच विसरली. संतापले ती मी एकटी.

एका धड्याच्या बाबतीत मात्र मी कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हते. अनोळखी माणसाचा धडा. आमच्या मुली अशा, की कुणीही गोड बोलून हात धरला की चालायला लागतात. म्हणून घोटून घोटून शिकवलं: हात सोडवायचा, तळवा पुढे धरायचा, मोठ्याने ओरडायचं, 'नो! आय डोन्ट नो यू! आय विल नॉट कम!' आणि ओळखीच्या माणसाच्या मागे जाऊन उभं राहायचं. शांतीबाई डोक्याला टॉवेल गुंडाळून अनोळखी माणूस व्हायच्या, तर दिपा म्हणायची, "अगो, ही तं शांतीबाय!" मग खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं विनवून वर आणावी लागली. नाकी नऊ आले. पण दिपाचं असं होतं, की उशिरा शिकायची आणि शिकलेलं कधी सोडायची नाही. जिन्यातल्या सिलिंडरवाल्याने तिला हाताला धरून बाजूला केलं, तर तिने त्याला अख्खा धडा ऐकवला. बिचारा सिलिंडर तिथेच ठेवून पळाला. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

आणि मग एका गुरुवारी कमळाबाई जिन्यात न थांबता थेट वर्गात आल्या.

"रविवारी घरी या, बाई. दिपाला बघायला पावने येनार हायती. उरनकडचे. पोरगा कंपनीत हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. "त्यांना सांगितलंत?"

"काय सांगायचं?"

"काय म्हणजे? दिपाचं!"

त्यांनी नजर वळवली. "त्यांना सांगितलंय पोरगी इंग्लिश बोलते. तुमी शिकवनीच्या बाई म्हनून या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे त्यासाठी इंग्रजी! मी शिकवलेल्या चार वाक्यांचा मुलामा देऊन ही बाई पोरगी खपवणार होती. मी वाट्टेल ते बोलले. फसवणूक आहे म्हटलं, चार दिवसांत ते तिला परत आणून टाकतील म्हटलं, मारतील म्हटलं. ती पोरगी नवऱ्याच्या घरी काय करेल, तिच्याशी ते कसे वागतील, ह्याचा विचार तरी केलात का, असंही विचारलं. कमळाबाईंनी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं.

"आमी मेल्यावं हिला कोन बघंल, बाई?" त्या म्हणाल्या. "निकेशची बायको? तुमी?"

त्या प्रश्नाने मी आणखीच चिडले. रविवारी जायचं आणि पाहुण्यांना सगळं सरळ सांगून टाकायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

रविवारी ओटीवर नव्या सतरंज्या अंथरल्या होत्या. पाहुण्यांत मुलगा प्रदीप, त्याचे मामा आणि आत्या कृष्णाबाई. प्रदीप लाजरा होता, सारखा घड्याळाचा पट्टा चाचपत होता. मी तोंड उघडणार, तोच कमळाबाईंनी पोह्यांची बशी माझ्या हातात कोंबली. खाणं होऊ दे, मग सांगू, असं म्हणून मी गप्प बसले. तेवढ्यात दिपा चहा घेऊन आली.

पोपटी साडी, हातभर बांगड्या, डोक्यावर पदर. एक थेंब न सांडता तिने ट्रे ठेवला. मीच शिकवलं होतं तसं.

"नाव काय गं तुझं?" मामांनी विचारलं.

"माय नेम इज दिपा. आय मेक टी. आय वॉश माय प्लेट."

मामांनी भुवया उंचावल्या. कृष्णाबाईंनी तर तोंडात बोट घातलं. "बया! कशी फाडफाड बोलते!" दाजींचा चेहरा फुलला. प्रदीपने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि दिपाने त्याच्याकडे. ती हसली. तोही हसला. आता बोलायलाच हवं होतं, आणि त्या हसण्यापुढे माझी जीभ रेटेना.

मग पोरगी पसंत पडली की बायका करतात तेच कृष्णाबाईंनी केलं. दिपाचा हात धरून तिला जवळ ओढलं आणि गमतीने म्हणाल्या, "येशील ना गो आमच्या घरी? चल, आताच नेते तुला!"

दिपाने झटक्यात हात सोडवला. तळवा पुढे धरला.

"नो! आय डोन्ट नो यू! आय विल नॉट कम!"

सगळे क्षणभर हसले. तिला वाटलं, ऐकू गेलं नाही. कुणी ऐकलं नाही तर पुन्हा ओरडायचं, हेही मीच शिकवलं होतं. ती पुन्हा ओरडली, आणखी मोठ्याने. शेजारच्या बायका दारात जमल्या. मग ती धावत आली आणि माझ्या मागे उभी राहिली. माझा पदर मुठीत गच्च धरला.

हसणं थांबलं. मामांनी बशी खाली ठेवली. "बाई, तुमची कसली शिकवणी?"

"माझा वर्ग मतिमंद मुलांचा आहे," मी म्हटलं.

कुणी आरडाओरडा केला नाही. कृष्णाबाई "पोरीची जात हाय, म्हनून गप बसते" एवढंच कमळाबाईंना म्हणाल्या आणि उठल्या. प्रदीपने चप्पल घालताना एकदा मागे वळून पाहिलं. पाहुण्यांची जीप गेली.

दाजी ओटीवरच बसून राहिले. कमळाबाई कपबशा गोळा करायला लागल्या. त्या मला शिव्या देतील म्हणून मी तयार होते, खरं तर वाटच बघत होते, कारण मलाही पुष्कळ बोलायचं होतं. एक घर फसता फसता वाचलं, एक पोरगी वाचली, धडा कामी आला. पण त्या कपबशा एकात एक रचत राहिल्या.

दिपा अजून माझ्या मागेच होती. तिने माझा पदर ओढला.

"बाई, मी बरोबर बोलली ना?"

"हो गं. अगदी बरोबर बोललीस."

"मग पावने का गेले?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मला जायाचं व्हतं," ती म्हणाली. "तो हसला ना माझ्याकडं. पन वळख नव्हती." मग माझ्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "बाई, वळख कशी करतात?"

कमळाबाईंचे हात थांबले. त्याही माझ्याकडे बघायला लागल्या, मी आता काय सांगते त्याची वाट बघत. मला सगळ्यांचा राग आला, शेठचा, कमळाबाईंचा, त्या उरणच्या माणसांचा, आणि सगळ्यात जास्त माझा. नको कसं म्हणायचं ते शिकवण्यात मी महिने घालवले होते. तिला काय हवंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"शिकवा ना, बाई," दिपा म्हणाली, आणि पदर सोडून माझ्यासमोर मांडी घालून बसली.