खालच्या पत्र्यावरचा टाका

मी एक जुनी बोगी आहे. हसू नका. बोगी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खिडक्या, बाकं आणि पंखे येतात, हे मला ठाऊक आहे. पण तो डबा. डब्याच्या पोटाखाली चाकं, धुरे आणि स्प्रिंगा धरून ठेवणारा जो लोखंडी सांगाडा असतो, ती खरी बोगी. रंग डब्याला मिळाला, मान डब्याला मिळाला, आणि बघता बघता आमचं नावसुद्धा त्यानंच नेलं. असो. आता कोणाकोणाला समजावत बसायचं.

आणि मी तर, मित्रांनो, रूळसुद्धा पाहिलेला नाही. शेंद्र्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि त्याच कारखान्याच्या मागच्या शेडजवळ मी आज पडून आहे. माझ्या अंगाचा एक तुकडा कापून नेला आहे. पावसाचं पाणी तिथं साचतं आणि गंज चढतो. तो तुकडा का कापला, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

आमच्या कारखान्यात श्रीधर नावाचे इंजिनियर होते. सगळे त्यांना सर म्हणत. निवृत्ती अगदी तोंडावर आली होती. साऱ्या नोकरीत त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशांवरून सुटे भाग बनवून दिले होते आणि एकदा तरी आपली स्वतःची बोगी उभी करायची, एवढी एकच हौस त्यांना राहिली होती. जुन्या चालीची बोगी ओतीव पोलादाची आणि भयंकर जड असते. "वैजापूरचा कांदा भरून गाडी निघते आणि इंजिन बिचारं कांदा थोडा, लोखंडच जास्त ओढतं," असं सर म्हणायचे. जरा वाढवूनच सांगायचे, पण खोटं नव्हतं. बोगी जितकी हलकी, तितका माल जास्त.

त्यांनी ठरवलं, वेगळं ओतीव काम करायचंच नाही. जे पन्हळीसारखे लोखंडी चॅनल, जे पाइप आणि जे पत्रे कुठल्याही लोखंडाच्या दुकानात मिळतात, ज्यांचे तुमच्या घरांचे जिने आणि शेडचे खांब होतात, त्यातूनच बोगी करायची. दोन चॅनल तोंडाला तोंड लावून जोडले की पेटीसारखी बाजू तयार होते. वजनानं कमी आणि वाकायला अवघड. अशा दोन बाजू, त्यांच्यामध्ये आडवे जाड पाइप, जिथं जोर येतो तिथं पत्रा आणि जिथं येत नाही तिथं सरळ भोक. मी अशी झाले. ऐकायला सोपं वाटतं. पण अशा बोगीचा सगळा जीव तिच्या जोडांत असतो.

आणि जोड केले करुणानं. करुणा शेंद्रा गावातलीच. आयटीआय करून वेल्डर झालेली. सुरुवातीला शेडमध्ये बाईमाणूस वेल्डिंगला म्हटल्यावर लोकांनी नाकं मुरडली होती. मग तिचं काम बघितलं आणि गप्प झाले. ती काम करताना गुणगुणायची. काचेच्या मुखवट्याआडून आवाज यायचा तो असा, की कोणीतरी हंड्यात तोंड घालून गातंय. एक जोड झाला की ती पुन्हा मागं वळून बघायची नाही. सर विचारायचे, "करुणाताई, एकदा तपासून घेता का?" ती म्हणायची, "सर, झालाय त्यो. पुढचा दाखवा." मला तिचा हा ताठा फार आवडायचा. मीही काही कमी ताठ नाही.

मालकांनी एकच संधी दिली होती. एक बोगी करा, तिची चाचणी घ्या. टिकली तर बोगीचं काम इथं कायमचं सुरू होईल आणि वेल्डिंगचा सगळा कारभार करुणाकडे जाईल. नाही टिकली तर नकाशे कपाटात.

आता चाचणी म्हणजे काय, ते ऐका. मला एका भक्कम चौकटीत बांधायचं आणि वरून यंत्रानं दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. लाखो वेळा. रुळावर वर्षानुवर्षं जे हाल व्हायचे, ते थोड्या आठवड्यांत करून घ्यायचे. माझ्यासारख्या पहिल्या बोगीला प्रवासाला कोणी पाठवत नाही. मी सोसायचं आणि मग माझ्या धाकट्या बहिणींनी धावायचं. मला याचं वाईट वाटलं नाही. कोणाला तरी पहिलं व्हावंच लागतं.

एक गोष्ट मात्र सर सगळ्यांना बजावून सांगत. गुलमंडीच्या बाजारातला कापडवाला काय करतो, बघितलंय ना? कात्रीनं कडेला नुसती एक चीर देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन कापड फाडतो. बोगीवर वजन आलं की तिचा खालचा पत्रा तसाच ताणला जातो. तिथं नको असलेला वेल्डिंगचा एवढासा टाका जरी पडला, तरी तो त्या चिरेचं काम करतो. वरच्या पत्र्यावर फारसं बिघडत नाही, तो दाबला जातो. "खालच्या पत्र्याला नकाशाबाहेर कोणी हात लावायचा नाही," असं सर रोज म्हणत. त्यांचं हे वाक्य क्रेन चालवणाऱ्या सोमनाथला झोपेतही म्हणता आलं असतं.

दसरा आला. माझे खालचे जोड करायचे म्हणून तेव्हा मला उलटी करून ठेवलं होतं, पोट वर आणि पाठ खाली. करुणा नव्हती. ती दरवर्षी दसऱ्याला घरच्यांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. इकडे शेडमध्ये यंत्रांची पूजा झाली, झेंडूचे हार चढले, आपट्याची पानं एकमेकांच्या हातात गेली. माझ्यासाठी सगळ्यात मोठा हार आणला होता. पण माझं अंग गुळगुळीत, हार काही केल्या ठरेना.

सोमनाथ म्हणाला, "साहेब, एक आकडा मारतो की वेल्डिंगनं. हार बी ऱ्हाईल आन् फोटू बी चांगला येईल."

"थांब," सर म्हणाले, "आज मी मारतो. आयुष्यभर नुसत्या रेघा मारल्या. एक टाका तरी माझ्या हातचा असू दे हिच्या अंगावर."

सगळे हसले, टाळ्या झाल्या. सरांनी करुणाचाच मुखवटा डोक्याला लावला. समोर जो पत्रा वर दिसत होता त्यावर, करुणाच्या जोडाला अगदी लागून, त्यांनी आकडा चिकटवला. नकाशात बोगी नेहमी सरळ असते, मित्रांनो. उभा जन्म ते मला सरळच बघत आले होते. वर दिसतो तो वरचा पत्रा, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. मी उलटी आहे, हे त्या आनंदात त्यांना आठवलं नाही आणि बाकीच्यांनाही नाही. मला ते चटक्यासारखं लागलं. पण माणूस इतक्या प्रेमानं काही करत असताना लोखंडानं काय बोलावं?

दुसऱ्या दिवशी हार सुकला. आकडा तोडला, जागा घासून साफ केली. मला सरळ केलं, रंग दिला. करुणा परत आली तेव्हा तिथं काहीच दिसत नव्हतं आणि सांगावं असं कोणाला वाटलंही नाही.

चाचणी सुरू झाली. आधी सगळं छान चाललं होतं. बाहेरून आलेले तपासणारे लोक मान डोलवत होते. आणि मग, ठरलेला पल्ला जेमतेम निम्मा झाला असेल, माझ्या खालच्या पत्र्याला तडा गेला. यंत्र थांबवलं. तपासणाऱ्यांनी बघितलं आणि निदान केलं: तडा जोडापाशी सुरू झाला आहे, म्हणजे वेल्डिंग कच्चं.

सर माझ्याखाली वाकून शिरले. बॅटरीच्या उजेडात त्यांनी तडा पाहिला. त्यांचा हात त्या जागेवर गेला आणि तिथंच राहिला. आकडा घासून काढलेली जागा त्यांनी अंगठ्यानं चाचपली. त्यांना सगळं आठवलं होतं. आता हे बाहेर येतील आणि सांगतील, असं मला वाटलं.

ते बाहेर आले, चष्मा पुसला आणि काहीच बोलले नाहीत.

मालकांनी करुणाला बोगीच्या कामावरून काढलं आणि मागच्या शेडमध्ये रॅक जोडायला पाठवलं. दोष वेल्डिंगचा ठरला, म्हणून नकाशे कपाटात जाता जाता वाचले; नवा वेल्डर बाहेरून आणून पुन्हा एक बोगी करायचं ठरलं. ती भांडली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यापाशी यायची, डबा बाजूला ठेवायची आणि तड्यावरून बोट फिरवायची. "कुठं चुकलं गं माझं?" असं मला विचारायची. मला तोंड असतं ना, तर मी शेंद्र्यापासून थेट शहरातल्या क्रांती चौकापर्यंत ऐकू जाईल एवढं ओरडले असते. मला सरांचा राग आला. ज्यांनी मला जन्म दिला त्यांचाच राग आला आणि तो मी लपवणार नाही.

कारण सर रोज तिला भेटत होते. शेडच्या दारासमोरच्या चहाच्या टपरीवर तिच्या शेजारी उभे राहत होते. "होतं असं कधीकधी, करुणाताई. मनाला लावून घेऊ नका," असं तिला सांगत होते. ती मान हलवायची. तिचं गुणगुणणं बंद झालं होतं. रॅकचा साधा जोडसुद्धा ती करायची, थांबायची, घासायची आणि परत करायची.

एका दुपारी ती सोमनाथकडे आली. सर तिथंच नकाशा घेऊन उभे होते. ती म्हणाली, "सोमनाथभाऊ, उद्यापासून मी येत नाय. मालकांना सांगते आज."

"आवो ताई, काम चालू हाय की तुमचं. कुणी काढलंय का?"

"काढलं नाय. पण माझा हात भरवशाचा ऱ्हायला नाय. आज हे हितंच फुटलं म्हणून बरं. चालत्या गाडीखाली फुटलं असतं तर? लोकांच्या जिवाशी खेळ नाय करायचा मला."

सरांच्या हातातला नकाशा खाली आला. ते म्हणाले, "सोमनाथ, क्रेन आण. या बोगीला उलटी कर."

सोमनाथनं साखळ्या अडकवल्या. मला उचललं, फिरवलं आणि दसऱ्याला होते तशी पोट वर करून ठेवलं. सरांनी मालकांना बोलावून घेतलं. मग तड्याच्या तोंडावर बोट टेकवून ते म्हणाले, "दसऱ्याचा हार इथं लटकवला होता. आकडा मी लावला, माझ्या हातानं. वरचा पत्रा समजून लावला."

सोमनाथ पुढं येऊन बघायला लागला. "व्हय की," तो हळूच म्हणाला, "हितंच हुता हार."

तेवढा तुकडा कापला, घासून चकचकीत केला, जोड वेगळा उठून दिसावा म्हणून त्यावर तेजाब लावलं. करुणाचा जोड एका सरळ पट्टीसारखा उमटला, अखंड आणि स्वच्छ. त्याच्या शेजारी चण्याएवढा एक वेगळाच डाग उमटला. तडा त्या डागातून निघाला होता. तिच्या जोडात काडीचाही दोष नव्हता. मालकांनी कपाळाला हात लावला.

करुणानं त्या डागावरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "सर, तुम्हाला हे कवा कळलं?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. आत्ताच लक्षात आलं, असं म्हणाले असते तर कोणीही विश्वास ठेवला असता. ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी."

"मग रोज माझ्यासंगं च्या कसा प्यालात, सर?"

तिनं आवाज चढवला नव्हता. आजूबाजूला उभी असलेली माणसं एकेक करून आपापल्या कामाला निघून गेली.

पुढचं थोडक्यात सांगते. मालक खूप चिडले, पण दोष आराखड्यात नाही हे त्यांना पटलं. दुसरी बोगी तयार झाली, त्याच नकाशावरून, तेवढ्याच वजनाची. जोड करुणानंच केले. सर रोज शेडमध्ये येऊन लांब उभे राहायचे आणि ती विचारील तेवढंच सांगायचे. ती बोगी चाचणीचा सगळा पल्ला पार करून गेली, वर आणखी बरंच सोसलं तिनं. आता तिच्यासारख्या कितीतरी बाहेर पडल्या आहेत आणि मालगाड्यांखाली धावत आहेत. सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी करुणापुढं हात जोडले, तिनंही जोडले. वेल्डिंगचा सगळा कारभार आज तिच्याकडे आहे.

मित्रांनो, आम्हाला रंग द्या, ताडपत्री घाला, हे मागणं मी करणार नाही. गंज लोखंडाच्या नशिबातच असतो. मी फुटले याचंही मला दुःख नाही, त्यासाठीच मला उभं केलं होतं. चूक तर कोणाच्याही हातून होते, प्रेमापोटीसुद्धा होते. पण आपली चूक दुसऱ्याच्या अंगावर पडलेली दिसली, तर ती त्याच दिवशी उचला. उद्या सांगू म्हणू नका. सरांनी शेवटी खरं सांगितलं, यात शंका नाही. पण तेवढ्या दिवसांत एका माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला होता, आणि तो खरं ऐकून परत आला नाही.

मागच्या शेडजवळून मला सगळं दिसतं. करुणाचे जोड आजही तितकेच चोख असतात. पण एक जोड झाला की ती मुखवटा वर करते, वाकून बघते, बोट फिरवते. मग क्रेनवरच्या सोमनाथला हाक मारते. बिचाऱ्याला वेल्डिंगमधलं काही कळत नाही.

"सोमनाथभाऊ, जरा बघता का? नीट झालाय ना?"

तो खाली उतरतो, बघतो आणि म्हणतो, "झालाय, ताई. चांगला झालाय."

तरी ती पुन्हा एकदा बघते.